ट्रेलर घ्यायचा उत्तम महिना

आमच्या फ्रिजच्या दारावर एक तक्ता लावलेला होता. मीच केलेला, पट्टी लावून, दोन रंगांत. डावीकडे बारा महिने, मधे त्या महिन्यात कॅम्पर ट्रेलर का घ्यावा आणि का घेऊ नये याची कारणं, आणि शेवटच्या रकान्यात माझा शेरा. माझी बायको रॉझलिन दूध काढायला फ्रिज उघडायची तेव्हा तो तक्ता तिच्या दंडाला घासायचा आणि ती दर वेळी म्हणायची, "लिंडसे, एवढ्या वेळात माणसं घर घेऊन मोकळी होतात."

तिला अभ्यास म्हणजे काय ते कळत नाही, त्याला माझा इलाज नाही. मी बावीस वर्षं इथे न्यू साउथ वेल्समध्ये नगरपालिकेच्या पार्किंग परवाना विभागात आहे. माझ्या टेबलावरून एकही अर्ज घाईत पुढे गेलेला नाही. असा माणूस आयुष्यातला पहिला ट्रेलर घेणार म्हटल्यावर तो काय भाजी घेतल्यासारखा घेईल का?

ट्रेलर म्हणजे गाडीमागून ओढायची चाकांवरची पेटी. तिचं झाकण उघडलं की आतून ताडपत्रीची छान खोली निघते. निदान माहितीपत्रकातली हसरी बाई उघडते तेव्हा तरी निघते.

तर ही भानगड गेल्या जानेवारीत सुरू झाली. माझे सासरे मर्व्ह त्यांच्या जुन्या कॅरावानमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, चहाचं भांडं घेऊन उभे होते आणि पायाखालची फळी मोडून एक पाय मांडीपर्यंत खाली गेला. बाहेरून बघणाऱ्यांना कॅरावानला पाचवा पाय फुटल्यासारखा दिसला. मर्व्हना खरचटलंही नाही. चहासुद्धा सांडला नाही, हे ते अजून सांगतात. पण कॅरावान भंगारात गेली आणि प्रश्न उभा राहिला एकतीस नंबरच्या जागेचा.

पेलिकन उपसागराच्या काठावर सुट्टीत मुक्कामाला जायचं जे कॅरावान पार्क आहे, त्यातली एकतीस नंबरची जागा मर्व्हकडे तेहतीस वर्षं आहे. पहिली रांग. तिथे खुर्ची टाकून बसलं की पुढे फक्त पाणी. नाताळात ज्याची जी जागा, पुढच्या वर्षी तिच्यावर पहिला हक्क त्याचा, असा तिथला रिवाज. लोक घरं विकतात, नवरे सोडतात, पण पहिल्या रांगेतली जागा सोडत नाहीत. नाव नोंदवून आठ-दहा वर्षं वाट बघत बसलेल्यांची यादीच आहे.

पार्कच्या व्यवस्थापक ग्लेंडाबाईंनी भंगारवाला कॅरावान ओढून नेत असतानाच मर्व्हना नियम ऐकवला होता. "पहिल्या रांगेत तंबू चालत नाही, मर्व्ह. चाकांवरचं काहीतरी आणा. नोंदणी केलेलं. सव्वीस डिसेंबर, दुपारी बाराच्या आत जागेवर, आणि नुसतं आणून टाकलेलं नाही, उभं केलेलं. नाहीतर यादीतलं पहिलं नाव."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मर्व्ह गाडीत म्हणाले, "आयलीन गेल्यावर मी घर सोडलं. मग कुत्रा गेला. गुडघासुद्धा आता माझा नाही. तेवढी ती जागा राहिली तर बरं होईल."

आयलीन म्हणजे माझ्या सासूबाई. तीस वर्षं तिथेच बसून विणायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायच्या. मर्व्ह कधी काही मागत नाहीत. त्यामुळे मला एकदम भरून आलं आणि मी चालत्या गाडीत शब्द दिला. "मर्व्ह, तुम्ही अजिबात काळजी करू नका. ट्रेलर मी घेतो. अकरा महिने आहेत."

"अकरा महिन्यांत लोकांना मुलं होतात, जावईबापू," मर्व्ह म्हणाले. "ट्रेलर व्हायला हरकत नाही."

फेब्रुवारीत मी घ्यायला निघालोच होतो. शपथेवर सांगतो, गाडीची किल्ली हातात होती. पण दारात डेस भेटला.

डेस आमचा शेजारी. मी घराबाहेर पाऊल टाकलं की त्याच क्षणी त्याच्या हिरवळीला पाणी लागतं. हातात पाइप, डोक्यावर टोपी, कुंपणाला पोट टेकलेलं. त्याच्या अंगणात झाकून ठेवलेली स्वतःची कॅरावान आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत या विषयावर त्याचा शब्द शेवटचा मानतात.

"फेब्रुवारीत?" डेस म्हणाला. त्याने पाइप बंद केला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "वेडबिड लागलंय का तुला? आत्ता लोक सुट्टीवरून आलेत. सगळ्यांच्या डोक्यात ट्रेलर. विक्रेते कापतील तुला. ईस्टर जाऊ दे."

मी आत येऊन पहिली नोंद केली. फेब्रुवारी: नको.

एप्रिलमध्ये ईस्टर गेला. डेस म्हणाला, "आता कशाला? दीड महिना कळ काढ की. थंडी पडली की कुत्रं फिरकत नाही दुकानात. पाय धरतील तुझे."

हे मात्र अक्षरशः खरं निघालं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दुकानात गेलो तेव्हा गॅव्हिन नावाचा तिथला विक्रेता एकटाच हीटरपाशी हात शेकत बसला होता. आम्हाला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने एक हिरवा, कोरा, सुंदर ट्रेलर उघडून दाखवला, वर बाजूची कनात फुकट देऊ केली, रॉझलिनला कॉफी दिली. रॉझलिन ट्रेलरच्या पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "लिंडसे, हाच. सही कर."

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

त्यावर ती जे म्हणाली ते ट्रेलरबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल होतं, आणि ते तिच्या आईच्या तोंडी शोभलं असतं.

पण कारण होतं. आदल्याच दिवशी डेस म्हणाला होता, "थंडीत एकच धोका. पाऊस नसतो. ताडपत्री गळते की नाही ते कळणार कसं? कोरडा ट्रेलर काय, सगळेच चांगले दिसतात." आता कोरा करकरीत ट्रेलर कशाला गळेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तो मला ऑगस्टमध्ये पडला. तोवर हिरवा ट्रेलर गेला होता.

मग मी ठरवलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकणं बस झालं, आता शास्त्रशुद्ध माहिती घ्यायची. इंटरनेटवर चार संध्याकाळी घालवल्यावर एक फार उत्तम लेख सापडला. लिहिणारा माणूस या धंद्यात तीस वर्षं मुरलेला. त्याने निःसंदिग्धपणे म्हटलं होतं की ट्रेलर घ्यायला सर्वांत उत्तम काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्यातही डिसेंबर. हंगाम संपलेला असतो, अंगणात माल पडून असतो, विक्रेता घायकुतीला आलेला असतो. पहिलं बर्फ पडायच्या आत त्याला सगळं खपवायचं असतं.

बर्फाशी मी थोडा अडखळलो, खोटं सांगत नाही. पण म्हटलं असेल बिचारा डोंगरात कुठेतरी राहत. डिसेंबरपुढे मी हिरव्या शाईने 'सर्वोत्तम' असा शेरा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. कुंपणावरून डेसला सांगितलं तर तोही क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला.

"डिसेंबर?" तो म्हणाला.

"डिसेंबर."

"तू अभ्यास केलायस म्हणजे प्रश्नच नाही," असं म्हणून त्याने परत पाइप सुरू केला.

पुढे तीन महिने मी अत्यंत निवांत होतो. मर्व्ह दर रविवारी जेवायला यायचे, तक्त्यासमोर चष्मा लावून उभे राहायचे आणि मग बटाटे खायला बसायचे. नोव्हेंबरात एकदा म्हणाले, "यंदा नाही जमलं तरी चालेल हं." तसं ते कधी बोलत नाहीत. चालणार नव्हतं हे त्यांच्या आवाजावरून मलासुद्धा कळलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दुकानात पोचलो तर आत शिरायला जागा नाही. गॅव्हिन तीन फोनांवर एकदम बोलत होता. कोऱ्यांपैकी एकही ट्रेलर शिल्लक नव्हता. नवे येणार होते मार्चमध्ये. मी त्याला बाजूला घेतलं आणि शांतपणे म्हटलं, "हे बघा, हंगाम संपलाय याची मला कल्पना आहे. तुम्ही घायकुतीला आला आहात. माझ्याशी सरळ बोला."

त्याने माझ्याकडे बघितलं, दुकानातल्या गर्दीकडे बघितलं. मी खिशातून लेख काढून त्याच्या हातात दिला. त्याने वरची ओळ वाचली, खालची ओळ वाचली.

"साहेब, हा मिशिगनचा आहे."

"मग? मिशिगनला डिसेंबर नसतो का?"

"असतो. पण तो थंडीत असतो."

"डिसेंबर?"

"त्यांचा. म्हणजे आपला जून तो त्यांचा... थांबा. त्यांचा डिसेंबर म्हणजे आपला जून. म्हणजे त्यांना डिसेंबरात स्वस्त मिळतं तेव्हा आपल्याकडे जून नसतो." तोही गोंधळला. मग एकदम त्याचे डोळे लकाकले. "तुम्हीच ना ते, जूनमध्ये आलेले? हिरवा ट्रेलर? मी कनात फुकट देत होतो!"

बावन्न वर्षांचा झालो, सगळा जन्म या देशात गेला, दर नाताळात उघड्या अंगाने समुद्रावर बसून कोलंबी खाल्ली, आणि डिसेंबर उन्हाळ्यात येतो ही गोष्ट मला एका ट्रेलरवाल्याने सांगावी! लाज वाटली. बायकोला काय सांगायचं, या विचाराने त्याहून जास्त वाटली. पण मर्व्हना काय सांगायचं हे मनात आलं तेव्हा मी गॅव्हिनचा दंडच धरला. "चाकं असलेलं काहीही द्या."

होता एक. दुकानामागे, मोहरीच्या रंगाचा, दहा वर्षांपूर्वीचा, नंबरपाटी शेजारच्या क्वीन्सलँड राज्याची. जूनमधल्या कोऱ्याहून महाग. घेतला.

आता क्वीन्सलँडचा ट्रेलर न्यू साउथ वेल्सच्या रस्त्यावर आणायचा म्हणजे नोंदणी बदलायची. नोंदणी कार्यालयात काउंटरवर जी मुलगी होती तिने नाताळनिमित्त डोक्यावर हरणाची शिंगं घातली होती. माणसाला शिंगंवाल्यांकडून नकार ऐकणं फार जड जातं.

"हा रकाना रिकामा आहे," ती म्हणाली. शिंगं हलली.

बावीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवतो आहे. समोरून कसं लागतं ते पहिल्यांदाच कळलं. रकाना सांगाड्यावरच्या नंबराचा होता, आणि तो नंबर कुणीतरी मोहरीच्या रंगाखाली गाडून टाकला होता. मग मी आमच्या अंगणात ट्रेलरखाली उताणा पडून दोन दिवस पॉलिश पेपर घासला. नंबर निघाला. घरी आलेल्या तपासनीसाला दाखवला तर तो म्हणाला, हा तीन आहे की आठ? मी म्हणालो आठ. तो म्हणाला, मला तीन वाटतो. मग आम्ही रॉझलिनला बोलावलं. तिने वाकून बघितलं आणि "आठ" असं अशा आवाजात सांगितलं की तपासनीसाने मुकाट्याने सही केली. तेवीस तारखेला, कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना, शिंगंवालीने मला नवी पाटी दिली आणि नाताळच्या शुभेच्छाही दिल्या. मला रडूच येणार होतं.

पाटी बसवत होतो तर कुंपणापाशी डेस. त्याचा चेहरा जरा उतरलेला दिसला, पण मला वाटलं उन्हाने असेल.

"घेतलास म्हणजे."

"घेतला."

"उघडून बघितलास?"

"त्याचं पुस्तक वाचलंय. दोनदा."

डेस बराच वेळ एकाच गुलाबाला पाणी घालत राहिला. मला तो आदर वाटला होता.

सव्वीस तारखेला अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही पार्कच्या फाटकातून आत शिरलो. मी, रॉझलिन, मागच्या सीटवर नवी टोपी घातलेले मर्व्ह आणि मागे मोहरीच्या रंगाची पेटी. आणि फाटकाच्या आत, रस्त्याच्या कडेला, एक ओळखीची कॅरावान उभी. झाकण काढलेलं, धुऊन पुसून लखलखीत. गाडीत डेसची बायको नोरीन, मांडीवर डबा. बाहेर डेस.

"अरे!" मी काच खाली करून म्हटलं. "तुम्ही इकडे कुठे?"

डेसने टोपी काढली, परत घातली. उत्तर ग्लेंडाबाईंनी दिलं. "यादीतलं पहिलं नाव यांचंच आहे. नऊ वर्षं थांबलेत." मग घड्याळ बघून मला म्हणाल्या, "पंचावन्न मिनिटं."

माझ्या डोक्यात फेब्रुवारी, एप्रिल, जून असे सगळे महिने एकदम ओळीने उभे राहिले. मी गाडीतून उतरलो. "हरामखोरा! ईस्टर जाऊ दे म्हणालास!"

"फेब्रुवारीत खरंच घेऊ नये," डेस म्हणाला.

"आणि ताडपत्री? पाऊस नाही म्हणून?"

"तेही खरंच आहे. कुणालाही विचार. मी एकही सल्ला खोटा दिला नाही, लिंडसे." मग खालच्या आवाजात, "फक्त सगळे दिले."

मी बाह्या सरसावल्या. मागून रॉझलिन ओरडली, "अरे भांडण मागून कर, आधी ते डबडं उघड!"

नवखा माणूस पहिल्यांदा ट्रेलर उघडतो ही त्या पार्कमधली सर्वांत मोठी करमणूक असते. आम्ही एकतीस नंबरवर थांबेपर्यंत शेजारपाजारचे लोक खुर्च्या घेऊन आले होते. कुणी बिअर उघडली. एका आजीबाईंनी नीट दिसावं म्हणून आपली छत्री मिटली. मर्व्ह जागेच्या कडेला जाऊन उभे राहिले, पाण्याकडे पाठ करून.

मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे झाकण उघडलं. आतून ताडपत्रीचा ढीग निघाला आणि रॉझलिन त्याखाली गेली. ती बाहेर आली तेव्हा उलट्या बाजूने आली, त्यावरून ताडपत्री उलटी आहे हे कळलं. सुलटी केली. खांब लावले. चार खांब लावले की एक कोपरा उभा राहायचा आणि बाकीचे तीन गुडघे टेकायचे. "डावीकडचा ओढा!" एक जण खुर्चीतून म्हणाला. "उजवीकडचा!" दुसरा म्हणाला. मी दोन्ही ओढले आणि सगळं खाली आलं. टाळ्या पडल्या. परवाना विभागातला माझा कुणी सहकारी तिथे नव्हता एवढीच देवाची कृपा.

बाराला वीस कमी. बाराला पंधरा कमी. मग मर्व्ह पुढे आले आणि त्यांनी एक खांब धरला. त्यांचा गुडघा साथ देत नव्हता, पण सोडायला तयार नव्हते. "बाबा, तुम्ही बसा," रॉझलिन म्हणाली. "बसायचं कुठे ते आधी ठरू दे," ते म्हणाले. खुर्च्यांतलं हसणं बंद झालं.

मला स्वतःचा इतका राग आला की सांगता येत नाही. अकरा महिने होते माझ्याकडे. अकरा!

वीस पावलांवर डेस हाताची घडी घालून उभा होता. बाजूला ग्लेंडाबाई, हातात कागद लावलेली फळी. डेस या पायावरून त्या पायावर होत होता. मी एक खांब उचलला की तो डोळे मिटायचा. मी तो लावला की कण्हायचा. आमच्याकडे माणूस बायकोची टोमणेबाजी सहन करेल, जावयाला सहन करेल, पण दुसरा माणूस चुकीच्या पद्धतीने तंबू ठोकताना बघणं त्याच्या रक्तातच नाही.

"मधला," तो पुटपुटला.

"डेसमंड, गप्प राहा," गाडीतून नोरीन म्हणाली.

"अगं पण मधला आधी लागतो!"

"नऊ वर्षं, डेसमंड!"

मी कोपऱ्यातला खांब परत उचलला. आणि डेसचा तोल सुटला. "अरे गाढवा, कोपरे काय घेऊन बसलायस! मधला! मधला खांब आधी!" असं ओरडत तो धावत आला, मला ढकललं, ताडपत्रीखाली शिरला. आतून खटाखट आवाज आले. "मर्व्ह, तो कोपरा सोडा. रॉझलिन, दोरी. लिंडसे, तू कशालाही हात लावू नकोस." मोहरीच्या रंगाची खोली एखाद्या पोळीसारखी फुगत वर आली आणि ताठ उभी राहिली. डेस बाहेर आला, शेवटचा खुंटा ठोकला, दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघितलं, एक दोरी अर्धा इंच घट्ट केली.

ग्लेंडाबाईंनी घड्याळ बघितलं. "बाराला तीन कमी. एकतीस नंबर, मर्व्ह." आणि फळीवर खूण केली.

तेव्हा कुठे डेसला आपण काय केलं ते कळलं. हातोडी हातात तशीच. त्याने एकदा नोरीनकडे बघितलं. नोरीनने गाडीची काच सावकाश वर केली.

"संडासांच्या मागे एक जागा रिकामी आहे," ग्लेंडाबाई त्याला म्हणाल्या. कडक बाई, पण त्यांनाही वाईट वाटलं असावं.

त्याचे आभार मानावेत की त्याच हातोडीने त्याला हाणावं, हे मला ठरवता येईना. दोन्ही अगदी मनापासून वाटत होतं. म्हणून मी उभा राहिलो. मर्व्ह मात्र आमच्या गाडीमागे गेले, स्वतःची खुर्ची काढली, पाण्याकडे तोंड करून मांडली. मग परत गेले आणि दुसरी काढली. निळी, हातावर लोकर गुंडाळलेली. आयलीनची. दोन वर्षं ती खुर्ची दर वेळी बरोबर यायची आणि घडी न मोडता परत जायची. गाडीतून कोलंबीचं पातेलं काढणारी रॉझलिन तशीच थांबली.

मर्व्हनी खुर्ची उघडली, आपल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि डेसला म्हणाले, "बस."

"नको, मर्व्ह. ती..."

"बस म्हणतो ना. नऊ वर्षं बघतोयस लांबून, आता जवळून बघ. नोरीनलाही बोलव, काच किती वेळ वर ठेवेल."

डेस बसला, अगदी कडेवर, मोडेल की काय अशा बेताने. मर्व्हनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मला वाटलं आता डेस काहीतरी चांगलं बोलणार, निदान माफी तरी मागणार. डेस घसा खाकरून म्हणाला, "काय आहे लिंडसे, हा ट्रेलर जर कधी विकायचा म्हटलास, तर महिना कुठला—"

रॉझलिनने कोलंबीचं अख्खं पातेलं त्याच्या मांडीवर आदळलं. "सोल," ती म्हणाली.